उमाळे सरांचा पांढरा रंग

उमाळे सरांसमोर एखाद्या चित्राला नुसतं 'छान' म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवत, आपल्याकडे जरा दयेने बघत आणि विचारत, "ते जाऊ द्या. पहिले नजर कुठं गेली ते सांगा." डाव्या कोपऱ्यात गेली म्हटलं, की पुढचा प्रश्न तयार, "काऊन गेली? तिथं काय आहे असं?" मग तिथून नजर कुठे सरकली, कुठे अडकली, बाहेर कुठून पडली, हे सगळं वदवून घेतल्याशिवाय ते माणसाला सोडत नसत. एकदा आमच्या शिपायाने बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र छान आहे म्हणून त्यांना दाखवलं आणि त्या बिचाऱ्याची अख्खी मधली सुट्टी त्यात गेली.

मी घाटावरची, बुलडाण्याची. नोकरी लागली ती घाटाखाली, वरवट बकालच्या शाळेत, भूगोलाची शिक्षिका म्हणून. घाट उतरला की हवा बदलते, बोली बदलते आणि पाणीही बदलतं, हे ऐकून माहीत होतं. रुजू झाले त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पाण्याच्या माठाच्या वर भिंतीला टाचलेला एक कागद दिसला. खाली तपकिरी पट्टे, वर काळ्याचा जाड थर, आणि मधूनच आतून फुटल्यासारखं पांढरट काहीतरी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"वावर," कोपऱ्यातून उत्तर आलं. सावळा, रुंद खांद्यांचा माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत निळा रंग. हेच चित्रकलेचे उमाळे सर.

"कोणाचं शेत?"

"कोनाचंच नाई."

"मग यात उत्तर दिशा कुठे? प्रमाण काय?"

ते इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या वर्गातली पाढ्यांची घोकंपट्टी थांबली. "मॅडम, नकाशा सांगते कुठं जायचं. चित्र सांगते का आपून कुठं उभे आहो." मला ते उत्तर मुळीच पटलं नाही आणि तसं मी तोंडावर सांगितलंही. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तासाचा पहिला अर्धा भाग सर परीक्षेपुरता शिकवत. फुलदाणी, नक्षी, जत्रेचा देखावा, जे काय लागतं ते. उरलेल्या अर्ध्या तासात स्वतःचा एखादा कागद फळ्याला लावत आणि म्हणत, "पोट्टेहो, याच्यात झाड शोधू नका, घर शोधू नका. पहिले रेघ पाहा. आडवी रेघ झोपलेली असते. तिरपी रेघ पडून राह्यली असते. उभी रेघ जागी असते." मग सगळ्या वर्गाला डोळे बारीक करायला लावत. डोळे बारीक केले की रंग मावळतात आणि उजेड-अंधार तेवढा उरतो, चित्राचं वजन कुठल्या अंगाला आहे ते कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी एकदा मागच्या बाकावर बसून पाहिलं, तर साठेक पोरं एकदम डोळे मिचकावत बसलेली आणि सर त्यांच्यामधून गंभीरपणे फिरताहेत. बाहेरून कोणी आलं असतं तर शाळेत डोळ्यांची साथ आली असंच समजलं असतं.

पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे तळहात. चित्राचा एखादा भाग तळहाताने झाकायचा आणि विचारायचं, "आता उभं आहे का पडलं?" जिथे हात ठेवल्यावर चित्र पडतं तिथे त्याचा जीव. ही तपासणी ते कशावरही करत. शाळेच्या सामूहिक छायाचित्रात त्यांनी सगळ्यांदेखत मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "पाहा, फोटो सुधारला." मुख्याध्यापक पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी फक्त नोटिशीतून बोलले.

या सगळ्या गमतीत एक गोष्ट मात्र मला खटकायची. सरांच्या चित्रांत आभाळ कमी होत चाललं होतं. माठावरच्या त्या जुन्या कागदात वर चांगली वीतभर जागा मोकळी होती. पुढच्या कागदांत क्षितिजाची रेघ वर वर सरकत गेली, जमीन उभी राहत गेली आणि आभाळाची बोटभर पट्टी उरली. मी भूगोलवाली, मला उंचसखल लगेच दिसतं. मी विचारलं, "सर, तुमचं वावर अंगावर का येतंय?" ते म्हणाले, "तुमाले आता वाचता येऊन राह्यलं मॅडम," आणि विषय बदलला. मला ते कौतुक वाटलं नाही, कसंतरीच वाटलं.

सरांचं गाव पूर्णेच्या अंगाला. नाव सांगत नाही. का, ते पुढे येईलच. त्या पट्ट्यातलं पाणी खारं. आम्ही भूगोलात खारपाणपट्टा एका ओळीत शिकवून मोकळे होतो. त्या ओळीत राहणाऱ्यांच्या घरी डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांना पांढरा थर बसतो तो घासून जात नाही. शाळेत जारचं गोडं पाणी येई, पण सर त्याला तोंड लावत नसत. "फिकं लागते," म्हणत. घरच्या बोअरचं पाणी दोन बाटल्यांतून आणत, एक प्यायला आणि एक रंगांना. त्या पाण्यात कालवलेला रंग कागदावर वाळला, की त्याच्या पोटातून मीठ वर येई आणि पांढरी खरबरीत फुलं उमटत. सर त्यावरून बोट फिरवायला लावत. "हा पोत दुकानात भेटत नाई. आमच्या जमिनीनं सोताच काढला," असं सांगताना त्यांचा चेहरा अभिमानाने फुलायचा.

एका रविवारी सरांच्या बायकोने, वहिनींनी, मला जेवायला बोलावलं. वांग्याचं भरीत, भाकर आणि वरण. स्वयंपाकघरात एक हंडा फडक्याने तोंड बांधून वेगळा ठेवलेला होता. मी पाण्याला हात लावणार तोच वहिनी म्हणाल्या, "थांबा ताई, तुमाले यातलं देतो. हे गोडं हाय, डायीसाठी राखून ठेवलं."

"आणि तुम्ही?"

"आमी बोअरचंच पितो. खाऱ्यात डाय शिजत नाई ना." त्यांनी भाकर उलटली आणि वर न बघताच म्हणाल्या, "मानसं शिजतेत."

जेवण झाल्यावर सरांनी गच्चीवर नेलं. भर उन्हात पराती ओळीने मांडलेल्या, आणि त्यांत पाणी आटत ठेवलेलं. काठाला पांढरी कड धरलेली. "मोठ्या चित्राले जोरकस पानी लागते," सर म्हणाले. मागून वहिनी आल्या. "लोकाइच्या गच्चीवर कुरड्या वाळतेत ताई. आमच्या घरी पानी वाळते." सर हसले, मीही हसले. खाली येताना जिन्यात हार घातलेला एक फोटो दिसला. सरांसारखेच खांदे, सरांसारखाच सावळा रंग.

"मोठे भाऊ," वहिनी म्हणाल्या. "पानी बाधलं त्याइले. किडनी गेली. सुईवर होते, मंग गेले." त्या गावात डायलिसिसला 'सुईवर जाणं' म्हणतात आणि तेही घरातल्या घरात, आवाज खाली आणून. सर पुढे निघून गेले होते. अंगणातून त्यांनी हाक मारली, "मॅडम, भिंतीचा पोपडा पाहा, काय झक्कास आकार आहे!" मला त्यांचा राग आला. घरात इतकं झालेलं असताना हा माणूस पोपड्यांचे आकार काय बघत बसतो, असं वाटलं.

शाळेचं नवं सभागृह बांधून होत आलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी मोठ्या मनाने जुनं सगळं विसरून सरांना समोरच्या भिंतीसाठी चित्र करायला सांगितलं. त्यांच्या मनात सातपुडा, नदी, बैलजोडी असं काहीतरी असावं. सरांनी प्लायवर जाड कागद डकवून उन्हाळ्याचे पहिले दोन महिने काम केलं आणि भिंतीइतकं वावर उभं केलं. क्षितिज जवळजवळ चौकटीलाच टेकलेलं. त्याखाली काळे, जांभळे, मातकट पट्टे, सगळे आडवे, एकावर एक दाबून बसवलेले. खालच्या कडेला परातीतल्या पाण्याचं पांढरं, सलग, काठ नसलेलं. आणि मधोमध नाही, जरा डावीकडे, वीतभर उंचीची एकच काळी उभी रेघ. तिच्या पायाशी पांढरं नुकतं येऊन टेकलेलं.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला घट मांडायचा रिवाज आहे. शेतात गोल आळं करायचं, मध्ये पाण्याची घागर ठेवायची, भोवती गहू, तूर, सरकी असं एकेक धान्य मांडायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला यावरून पीकपाण्याचं भाकीत सांगायचं. लांबून लांबून माणसं ऐकायला येतात. त्या वर्षी भाकीत ऐकून परतणारी सरांच्या गावची मंडळी सरांना सोबत घ्यायला म्हणून शाळेवर उतरली. त्यांत तुळशीरामआबा होते, सरांचे चुलत चुलते, गावात ज्यांच्या शब्दाशिवाय सोयरीक जुळत नाही असे. मी उन्हाळी वर्गासाठी आले होते. आबा सभागृहात शिरले, चित्रापुढे उभे राहिले, आणि घटाकडे बघावं तसे मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहिले.

"थे खालचं पांढरं," आबा म्हणाले, "सरकी हाय. वर सरकून राह्यली. कपाशी हाय यंदा! घटानं सांगतलं नाई थे इथं सांगतलं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सर म्हणाले, "आबा, हे चित्र आहे, घट नाई." आबांनी ते ऐकलंच नाही. आठवडाभरात आसपासच्या गावांत झालं, की शाळेतल्या चित्रात कापूस दिसतो. लोक सरकी घ्यायला निघाले की वाटेत सभागृहात डोकावून जाऊ लागले. कोणी चपला बाहेर काढून आत येई. एका बाईने चौकटीखाली हळदकुंकू वाहिलं. मला आधी हसू येत होतं. मग बघितलं तर सर हसत नव्हते.

पावसाळा लागला आणि त्या चित्राला ओल सुटली. मिठाला दमट हवा सोसत नाही. ते पाणी ओढून घेतं, पाझरतं, कागदातून वर चढतं आणि उघडीप मिळाली की नव्या जागी पांढरं होऊन बसतं. दर उघडिपीनंतर पांढरं थोडं वर आलेलं असे. आषाढात ते त्या उभ्या रेघेच्या गुडघ्याशी होतं. मी सरांना म्हटलं, "तुम्ही रोज येऊन रंग टाकता की काय?"

"मी हात लावला नाई मॅडम. आता थे सोताच काढून राह्यलं."

त्याच दिवसांत आमच्या खोलीत सगळे सरांना चिडवत होते, की सर सुटले. चेहरा सकाळी सकाळी भरल्यासारखा दिसे. बूट जाऊन चपला आल्या होत्या. बाटली भरून आणत, पण आता घोट घोट पीत आणि झाकण लावून ठेवत. वहिनींच्या हातचं मानवलं म्हणून कोणी पेढे मागितले, तर सरांनी खरंच पेढे आणले. स्वतः घेतला नाही. मी हे सगळं बघत होते आणि जोडत मात्र काहीच नव्हते. चित्रावरचं पांढरं वाढतंय याचीच मला जास्त धास्ती होती. कधी वर्गावर जाताना सभागृहाचं दार उघडं दिसलं, तर मी मान दुसरीकडे वळवून पुढे जाई.

दसरा झाल्यावर सभागृहाचं उद्घाटन ठरलं. गावोगावची माणसं आली. तुळशीरामआबा नवा फेटा बांधून, सोबत घाटावरचे पाहुणे घेऊन आले. नातवासाठी मुलगी बघणं चाललं होतं. आपल्या गावच्या सराने काढलेलं शुभशकुनाचं चित्र पाहुण्यांना दाखवायची त्यांना कोण हौस! भाषणं झाली, आणि मुख्याध्यापक म्हणाले, "आता उमाळे सर चित्राविषयी दोन शब्द सांगतील."

सर उठले. चष्मा कपाळावर गेला. "मी सांगत नाई. तुमीच सांगा. पहिले नजर कुठं गेली?"

"पांढऱ्यावर!" सगळे म्हणाले.

"थे कुठून कुठं जाऊन राह्यलं?"

"खालून वर!"

"बरं. कपाशीच्या वावरात पांढरं कसं येते? ठिपक्या-ठिपक्यानं. मधात हिरवं दिसते, काळं दिसते. प्रत्येक ठिपक्याले काठ असते. इथं काठ कुठं आहे?"

पुढच्या रांगेतल्यांनी माना पुढे काढल्या. काठ नव्हता.

"कापसाचा पांढरा जरा पिवळसर, उबदार. हा कसा आहे?"

"थंडा," कोणीतरी म्हणालं.

"रेघा कशा आहेत?"

"आडव्या." हे आमच्या आठवीतल्या पोरांनी एका सुरात सांगितलं.

"म्हंजे?"

"झोपलेल्या."

"आन आभाळ कुठं आहे?"

लोक वर बघू लागले, चौकटीच्या कडेपर्यंत. इतके महिने ते येत होते, हात जोडत होते, आणि या चित्रात आभाळच नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. "मंग दम कुठं घ्यावा मानसानं?" सर हळू म्हणाले, आणि चित्राकडे वळून नखाने पांढऱ्याची एक खपली काढू लागले. तेवढ्यात आबा उठले. "सर, जरा बाहीर या."

मी दाराशीच उभी होते. वऱ्हांड्यात आबांनी आधी फेटा काढून काखेत धरला. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी सरांचा हात धरला.

"तू काय सांगनार हायेस, मले समजते," आबा म्हणाले. "मले का दिसत नाई? तुया भावाले म्याच खांदा देल्ला. पन पाहुने आत बसले हायेत. पान्याचं नाव निंघालं तं उठून जातीन. अन उद्या जिल्ह्यात होईन, का या गावात पोरगी देऊ नका. पोट्टे बिनलग्नाचे राह्यतीन सारे. तुया बोलन्यानं बोअर गोडा होते का? होत असन तं बोल, म्या आडवा येत नाई. नाई होत तं कापूस म्हन, बापा."

मला वाटत होतं, सर खरं बोलतील. हा माणूस बिस्किटाच्या पुड्याशी खोटं बोलत नाही, इथे बोलेल? मग ते आत गेले, चित्रापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आबाची नजर जुनी आहे. कापूसच आहे. यंदा पीक चांगलं दिसते." हे बोलताना त्यांनी डावा तळहात त्या काळ्या उभ्या रेघेवर ठेवला होता. रेघ झाकली गेली. टाळ्या पडल्या, पाहुण्यांनीही वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत सगळं चित्र मला आडवं पडलेलं दिसलं.

मला संताप आला. आबांचा आला, सरांचा आला, त्या टाळ्यांचा आला. अजूनही येतो. आणि तरी गावाचं नाव मीही लिहीत नाही, कारण सरांनी नंतर तसा शब्द घेतला. आबांच्या नातवाचं लग्न झालं, नातसून त्याच घरात नांदते आहे. ती डाळीसाठी कोणतं पाणी वापरते आणि प्यायला कोणतं, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात पडतो.

कार्यक्रम संपला, लोक चिवड्याच्या पाकिटांकडे गेले. सभागृहात सर एकटे खुर्चीवर बसले होते. मी भांडायच्या तयारीनेच आत गेले. त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. "भांडू नंतर. पहिले तुमी वाचा. तुमच्या पद्धतीनं वाचा."

"माझ्या पद्धतीने वाचता येत नाही हे," मी रागाने म्हटलं. "पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. प्रमाण नाही याला. पांढरं किती वर आलंय, हे कशाशी मोजायचं?"

"प्रमाण आहे."

मी बघितलं. सगळ्या आडव्यात एकच उभी रेघ होती. मी जवळ गेले आणि सरांनी शिकवलं होतं तसा तिच्यावर तळहात ठेवला. चित्र पडलं. पट्टे नुसते पट्टे झाले, भिंतीला लावलेले कापडाचे तुकडे. हात काढला, आणि तिथे कोणीतरी उभं राहिलं. खांदे मघाशी दिसले नव्हते. रेघ वरच्या अंगाला जरा रुंद होती, एवढंच, पण ते खांदे होते.

"माणूस आहे," मी म्हणाले.

"हाव."

"पांढरं उन्हाळ्यात याच्या पायाशी होतं." मला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. "आता कमरेपर्यंत आलंय."

"हाव," सर म्हणाले.

मी वळले. सरांनी चपला काढून ठेवल्या होत्या. पाय घोट्यापर्यंत सुजलेले, आणि पट्ट्यांच्या खुणा मांसात खोल रुतलेल्या. चिडवणं, पेढे, घोट घोट पाणी, सगळं एकदम माझ्यापुढे आलं. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि रडले. सर चित्राकडे बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "भाऊ गेला तवाच तपासून घेतलं होतं. तुमच्या वहिनीले म्हायीत आहे. आता तुमाले. बाकी कोनाले नका सांगू, आबाले तं अजिबातच नाई. त्याच्या नातवाचं होऊन जाऊ द्या." मग नेहमीच्या आवाजात, "पन प्रमाण बरोबर धरलं मॅडम तुमी. पोट्ट्याइले झाड दिसते तथी, इलेक्ट्रिकचा खांब दिसते. आबाले तं काईच दिसलं नाई."

दिवाळीनंतर सर शाळेत आले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीतच, थंडी पडून हवा कोरडी झाल्यावर, ते चित्र मी एकदा पाहिलं. पांढरं थांबलं होतं आणि कडक झालं होतं.

शेवटचे सर दिसले ते खामगावला, दवाखान्यात. सकाळची वेळ होती. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते, शेजारी वहिनी, त्यांच्या पायाशी डब्याची पिशवी. आत दुसऱ्या कोणाला तरी यंत्रावर घेतलं होतं, त्याची घरघर बाहेर ऐकू येत होती. सरांचे खांदे शर्टाच्या आत कुठेतरी गेले होते. नखं स्वच्छ होती. इतक्या वर्षांत मी त्यांची नखं प्रथमच स्वच्छ बघत होते. उजवी बाही दुमडलेली, आणि डावा तळहात उजव्या दंडावर घट्ट दाबून धरलेला.

कसं आहे, बरं आहे ना, असलं काहीतरी मी बोलणार होते. त्यांनी आधीच विचारलं, "पहिले नजर कुठं गेली, मॅडम?"

त्यांच्यासमोर खोटं बोलायची सवय मला नव्हती. "हातावर," मी म्हणाले.

सरांनी तळहात जरासा उचलला. सुईच्या जागेवर कापसाचा बोळा होता, मधोमध लाल ठिपका, आणि तो ठिपका माझ्यादेखत काठाकडे पसरत होता.

"आबाले सांगजा," सर म्हणाले, "तुमची नजर जुनी आहे म्हना. कापूसच निंघाला."

वहिनींनी तोंड फिरवलं. सर बोळ्याकडे क्षणभर डोळे बारीक करून बघत राहिले, आणि मग त्यांनी तळहात पुन्हा त्यावर दाबून धरला.